नस १०० टक्के बंद आहे म्हणाले? सही करण्याआधी या क्रमाने चला

पेशंट अँजिओग्राफीच्या टेबलावर असतो. बाहेर बाकावर बायको, मुलगा, एखादा मेहुणा. दार अर्धं उघडतं आणि आतून विचारणा होते, "उजवी नस पूर्ण बंद आहे. आत्ताच स्टेंट टाकून घ्यायचा का?" दहा मिनिटांत सही होते. दोन महिन्यांनी तीच मंडळी फाईल घेऊन ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टर, आम्ही केलं ते बरोबर ना?"

कधी बरोबर झालेलं असतं, कधी नाही. क्रम मात्र बहुतेक वेळा उलटा झालेला असतो. आधी पैसे, मग स्टेंटची कंपनी, मग डॉक्टर कोण. पेशंटला नेमका त्रास काय होतो, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, किंवा येतच नाही.

हृदयाची नस जुनी, पूर्ण बंद झालेली असेल तर डॉक्टर तिला सीटीओ म्हणतात. हृदयाच्या नसांचा आजार निघालेल्या साधारण पाच-सहा जणांमागे एकाला ती सापडते. निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांसोबतच घ्यायचा आहे. त्यांच्यासमोर तयारीने बसता यावं, म्हणून हे लिहितोय.

## टप्पा १ : नस आत्ता बंद झाली की आधीच?

सगळं यावर अवलंबून आहे. नस अचानक बंद पडली तर तो हार्ट अटॅक. तिथे मिनिटामिनिटाला स्नायू मरत असतो, विचार करत बसायला वेळ नसतो. सीटीओ म्हणजे तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ बंद असलेली, आतून रक्त अजिबात पुढे न जाणारी नस. दोन्हीच्या रिपोर्टवर "१०० टक्के" हेच लिहिलेलं असतं आणि घरचे घाबरतात.

जुनी नस बंद असूनही माणूस चालता-फिरता कसा, असं लोक विचारतात. घोडबंदर रोड अडला की गाड्या आतल्या गल्ल्यांतून वाट काढतात, तसं शेजारच्या नसांतून बारीक आडवाटा फुटतात. त्यांना कोलॅटरल म्हणतात. बसल्या जागी तेवढं रक्त पुरतं. जिना चढताना, ओझं उचलताना, म्हणजे गर्दीच्या वेळी, बहुतेकांना पुरत नाही.

डॉक्टरांना थेट विचारा: ही नस जुनी आहे, हे कशावरून? उत्तरात आडवाटा दिसतात का, ईसीजीवर जुन्या अटॅकच्या खुणा आहेत का, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलंय का, आधीची एखादी अँजिओ आहे का, यातलं काहीतरी यायला हवं.

मधली एक अवस्था आहे, ती लोकांना माहीत नसते. अटॅक घरीच अंगावर काढला आणि चार-सहा दिवसांनी दाखवलं. आता छातीत दुखत नाही, बीपी ठीक आहे, पण नस बंद. अशा स्थिर पेशंटांत ३ ते २८ दिवसांच्या काळात नस उघडल्याने मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा हार्ट फेल्युअर कमी झालं नाही, हे २००६ साली आलेल्या ओएटी या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून तिथेही "आज रात्रीच" अशी घाई सहसा नसते.

इशारा : छातीत दाब, घाम, दम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, आणि विश्रांती घेऊनही थांबत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा, जवळच्या कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायची खोली) असलेल्या रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. "गॅस असेल, सकाळी बघू" या वाक्याने माझ्या ओळखीची माणसं गेली आहेत.

## टप्पा २ : फाईल पूर्ण करा

रिपोर्टच्या कागदावर "आरसीए १०० टक्के" (आरसीए म्हणजे उजवी नस) एवढीच ओळ असते. बंद तुकडा किती लांब, त्यात चुना (साठलेलं कॅल्शियम) किती, आडवाटा कुठून येतात, पलीकडची नस जाड आहे की दोऱ्यासारखी, हे फक्त अँजिओच्या चित्रफितीत दिसतं. लोक व्हॉट्सअॅपवर कागदाचा फोटो पाठवून दुसरं मत मागतात. त्यावर प्रामाणिक मत कोणीही देऊ शकत नाही.

जमवायचं ते असं: अँजिओची सीडी किंवा पेनड्राइव्ह, सगळे ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, जुनी डिस्चार्ज कार्डं, आणि चालू गोळ्यांची यादी डोससकट. गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो यादीपेक्षा बरे, कारण यादीत चूक होते.

रुग्णालयाने सीडी द्यायला टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत नियम आहे.

तपासा : घरी येण्याआधी सीडी रुग्णालयातच उघडून बघा. रिकामी किंवा दुसऱ्याच पेशंटची सीडी घेऊन लोक माझ्याकडे आले आहेत.

## टप्पा ३ : त्रासाची वही, दोन आठवडे

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पुढचा सगळा निर्णय यावर उभा आहे.

कोपरीचे एक निवृत्त शिक्षक आले. "मला काहीच त्रास नाही," असं ठामपणे म्हणाले. शेजारी बसलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही उपवनला जायचं सोडलंत. स्टेशनला लिफ्टसाठी दहा मिनिटं थांबता. भाजी मीच आणते." त्रास नव्हता, कारण त्यांनी त्रास होईल असं सगळं एकेक करून सोडलं होतं. पूर्ण बंद नस असलेल्यांत हे इतक्यांदा दिसतं, की "त्रास काय?" हा प्रश्न मी आता घरच्यांना विचारतो आणि शब्दही बदलतो: "गेल्या वर्षी करायचे, पण आता करत नाहीत असं काय आहे?"

वही अशी लिहा. रोज एक ठरलेला श्रम घ्या, दोन आठवडे तोच. तलावपाळीची एक फेरी, ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना, वाशीच्या सागर विहारला सपाट रस्त्यावर वीस मिनिटं, किंवा आपल्याच इमारतीचे दोन मजले. वेळ, जेवणाआधी की नंतर, किती अंतरावर काय झालं, थांबल्यावर किती मिनिटांत गेलं, सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची गोळी) लागली का, हे लिहा. जेवल्यावर आणि थंड हवेत त्रास लवकर येतो, म्हणून वेळ महत्त्वाची.

"दुखतं का?" एवढंच बघू नका. छाती भरून येणं, घशाशी आवळल्यासारखं, जबडा किंवा दात दुखणं, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, नुसता दम, हेही तेच असू शकतं. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत तर बरेचदा हेच दिसतं. ओळखायची खूण सोपी: श्रम केल्यावर येतं, थांबल्यावर काही मिनिटांत जातं.

इशारा : वहीत त्रास दिवसेंदिवस कमी श्रमावर यायला लागला, किंवा बसल्या जागी आला, तर दोन आठवडे पूर्ण करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

## टप्पा ४ : गोळ्यांना खरी संधी द्या

"गोळ्या चालूच आहेत," असं सगळे सांगतात. नाडी मोजली तर ८८. म्हणजे बीटा ब्लॉकर, नाडी मंद करणारी गोळी, एक तर घेतला जात नाही, किंवा डोस पुरेसा नाही.

गोळ्यांचे दोन गट मनात वेगळे ठेवा. पहिला गट आयुष्य राखणारा: अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन, बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या. नस उघडा किंवा उघडू नका, हा गट राहणारच. एलडीएल कोलेस्टेरॉल ५५ च्या खाली आणण्याचं लक्ष्य युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दिलेलं आहे. दुसरा गट त्रास कमी करणारा: बीटा ब्लॉकर, नायट्रेट, अम्लोडिपिनसारखी कॅल्शियम ब्लॉकर, रॅनोलॅझिन, निकोरँडिल, ट्रायमेटाझिडिन, आयव्हाब्रॅडिन. यातल्या निदान दोन, योग्य डोसात, चार-सहा आठवडे घेऊनही वही तीच राहते का, हे पाहिल्याशिवाय "गोळ्यांनी भागत नाही" असं म्हणता येत नाही. त्रास फार असेल तर हा काळ तुमचे डॉक्टर कमी करतील.

तंबाखू, मिश्री, सिगारेट चालू ठेवून महागडा स्टेंट घालणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून टाकी बदलणं. हे मी पेशंटला तोंडावर सांगतो.

तपासा : बीटा ब्लॉकर चालू असताना विश्रांतीची नाडी साधारण ५५ ते ६० आहे का? नसेल तर डोसबद्दल विचारा, स्वतः वाढवू नका.

इशारा : नायट्रेट किंवा निकोरँडिल चालू असताना सिल्डेनाफिलच्या जातीची कामशक्तीची गोळी घेऊ नका. बीपी जीवघेणं उतरतं. लाजेपोटी कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो.

## टप्पा ५ : स्नायू जिवंत आहे का?

बंद नसेच्या पलीकडचा स्नायू मरून व्रण झाला असेल, तर नस उघडून तिथे काही परत येत नाही. टू-डी इकोवर भिंत पातळ पडलीय का आणि पंपिंग (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद) किती, हे कळतं. शंका असेल तर हृदयाचा एमआरआय किंवा थॅलियम-पेटसारखा स्कॅन सांगतात. एमआरआयवर व्रण भिंतीच्या निम्म्या जाडीहून जास्त असेल, तर तो भाग सुधारण्याची शक्यता कमी. स्ट्रेस स्कॅनमध्ये श्रमाच्या वेळी हृदयाचा बराच मोठा भाग उपाशी राहतो असं दिसलं, तर नस उघडण्याचं कारण भक्कम होतं.

पंपिंग ३५ टक्के किंवा कमी असेल तर जास्त सावध व्हा. अशा पेशंटांत स्नायू जिवंत असूनही स्टेंटने मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं कमी झालं नाही, असं २०२२ च्या रिव्हाइव्हड चाचणीत दिसलं. उलट अशाच कमजोर हृदयात बायपास झालेल्यांचं दहा वर्षांनंतर आयुष्य वाढलेलं दिसलं, हे स्टिच चाचणीच्या २०१६ च्या निकालात आहे. तेव्हा पंपिंग कमी असेल तर बायपास सर्जनला न भेटता स्टेंटचा निर्णय घेऊ नका. हार्ट फेल्युअरच्या गोळ्या तर दोन्हीकडे लागतातच.

## टप्पा ६ : एक नस बघू नका, सगळा नकाशा बघा

बंद नस एकटी आहे की बाकी नसांतही अडथळे आहेत? मधुमेह आहे आणि दोन-तीन नसा खराब आहेत, तर २०१२ च्या फ्रीडम चाचणीत बायपास झालेल्यांत मृत्यू आणि अटॅक दोन्ही स्टेंटवाल्यांपेक्षा कमी होते, पक्षाघात मात्र थोडे जास्त. डाव्या बाजूची मुख्य नस खराब असेल, तरीही सर्जनचं मत हवंच.

नेहमीची चूक अशी: सोप्या दोन नसांत स्टेंट टाकले, बंद नस "नंतर बघू" म्हणून सोडली. कधीकधी हेच बरोबर असतं. बाकी नसा सुधारल्यावर त्रास गेला, तर बंद नसेला हात लावायची गरज उरत नाही. पण ज्याला मुळात बायपासच हवा होता त्याच्यात हे केलं, तर महत्त्वाची नस तशीच राहते आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. म्हणून पहिला स्टेंट पडण्याआधी पूर्ण बेत कागदावर हवा.

आणखी एक बारकावा. आडवाटा ज्या नसेतून येतात, त्या दात्या नसेत अडथळा असेल तर तिथे छोटी गडबडसुद्धा हृदयाच्या दोन भागांना बसते. "आडवाटा कुठून येतात, आणि ती नस स्वच्छ आहे का?" हे विचाराच.

## टप्पा ७ : उद्देश एका ओळीत लिहा

"हे आम्ही ___ साठी करतोय." ही जागा भरा.

"आयुष्य वाढावं म्हणून" असं लिहिणार असाल, तर थांबा. २०१८ च्या युरोसीटीओ चाचणीत नस उघडलेल्यांचा छातीचा त्रास एका वर्षात कमी झाला, रोजचं जगणं सुधारलं. २०१९ च्या डिसिजन-सीटीओ चाचणीत मृत्यू आणि अटॅक यांत नस उघडणं आणि नुसत्या गोळ्या यांत फरक दिसला नाही. बंद नस उघडण्याचं आजचं मुख्य कारण म्हणजे गोळ्यांनी न जाणारा त्रास. कोपरीच्या सरांची ओळ शेवटी अशी झाली: "उपवनची फेरी न थांबता पूर्ण व्हावी म्हणून." ही चांगली ओळ आहे, कारण नंतर ती मोजता येते.

वहीत त्रास नाही, स्ट्रेस स्कॅन बरा, पंपिंग उत्तम, तर नस बंद असूनही गोळ्यांवर राहणं हा पूर्ण उपचार आहे. ती माघार नाही, हे नातेवाईकांना समजावणं मला सगळ्यात कठीण जातं.

## टप्पा ८ : कोण करणार, कुठे करणार

साधी अँजिओप्लास्टी आणि सीटीओ ही वेगळी कामं आहेत. अनुभवी हातांत सीटीओ साधारण ८५ ते ९० टक्के वेळा उघडते. कमी अनुभवात हे प्रमाण बरंच घसरतं. मोठी गुंतागुंत, म्हणजे नसेला भोक पडून हृदयाभोवती रक्त साठणं, अटॅक, क्वचित मृत्यू, शंभरात साधारण तिघांना होते. साध्या अँजिओप्लास्टीपेक्षा हे जास्त आहे.

नस किती अवघड आहे, हे डॉक्टर जे-सीटीओ गुणांवर मोजतात. तोंड बोथट, चुना, ४५ अंशांहून जास्त वळण, २० मिलिमीटर किंवा जास्त लांबी, आधीचा फसलेला प्रयत्न: प्रत्येकाला एक गुण. तीन किंवा अधिक म्हणजे फार अवघड. तुमचे गुण विचारा.

मग हे प्रश्न विचारा:

- तुम्ही वर्षाला अशा किती नसा उघडता? तुमच्या हातून किती टक्के उघडतात?
- प्रत्यक्ष तुम्हीच करणार, की बाहेरून तज्ज्ञ येणार?
- दोन्ही बाजूंच्या नसांत एकाच वेळी डाय (नसा चित्रात दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) सोडून चित्र घेणार का? सीटीओसाठी ते जवळजवळ अत्यावश्यक आहे.
- समोरून जमलं नाही तर मागच्या वाटेने, आडवाटांतून जाण्याचा अनुभव आहे का?
- भोक पडलं तर झाकणारा स्टेंट आणि सर्जन तिथेच आहेत का?
- डाय, रेडिएशन, वेळ, कशावर थांबणार?

शेवटच्या प्रश्नाला "थांबायची वेळ येणार नाही" असं उत्तर मिळालं, तर मी पेशंटला दुसरीकडे पाठवतो. ठाणे आणि नवी मुंबईत कॅथलॅब भरपूर आहेत, लोकलने परळचं केईएम आणि भायखळ्याचं जेजेही आवाक्यात आहे. जुन्या नसेसाठी दुसरं मत घ्यायला आठ-पंधरा दिवस गेले तरी सहसा बिघडत नाही.

इशारा : अँजिओग्राफी आणि सीटीओ उघडणं एकाच बैठकीत नको. डाय दुप्पट, रेडिएशन दुप्पट, आणि विचाराला वेळ शून्य.

## टप्पा ९ : पैसे

थोडक्यात सांगतो. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. पण सीटीओचं बिल तारा, मायक्रोकॅथेटर (बारीक नळ्या), फुगे आणि नसेच्या आतून घेतलेल्या सोनोग्राफीने फुगतं. अंदाजपत्रकात हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. नस उघडली नाही तर किती बिल येईल, हेही लिहून घ्या, कारण फसलेल्या प्रयत्नाचाही खर्च असतोच.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, हेल्पलाइन १५५३८८. सीटीओसाठीचं जास्तीचं सामान पॅकेजमध्ये बसतं का, हे भरती होण्याआधी त्यालाच विचारा. ७० वर्षांवरील सर्वांसाठी आयुष्मानचं वेगळं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून आहे.

## टप्पा १० : आदल्या आठवड्यात

क्रिएटिनिन ताजं हवं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डायची मर्यादा आधी ठरवून घ्या आणि सलाईनबद्दल विचारा. साखरेची मेटफॉर्मिन बंद करायची का, कधीपासून, हे लिहून घ्या. कॉम्बिफ्लामसारख्या दुखण्याच्या गोळ्या टाळा. स्टेंटसाठी जाताना अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद करू नका. बायपाससाठी मात्र क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, तेही सर्जनने सांगितल्यावरच. दोन्ही सूचनांची गल्लत होते आणि ऑपरेशनची तारीख पुढे जाते.

संमतिपत्र मराठीत मागा. आदल्या संध्याकाळी वाचा, स्ट्रेचरवर नाही.

## टप्पा ११ : घरी आल्यावर

पहिल्या दिवशी अचानक दम, चक्कर, घाम, बीपी उतरणं झालं तर लगेच रुग्णालयात. बारीक भोकातून झिरपलेलं रक्त हृदयाभोवती काही तासांनीही साठू शकतं. मांडीत नळी घातलेल्या जागी गाठ वाढत असेल तरी तेच. दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा करा.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सहा ते बारा महिने, डॉक्टर सांगतील तितके. दात काढायचाय म्हणून परस्पर बंद करू नका. दंतवैद्याला तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलू द्या. स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर फाईलमध्ये चिकटलंय का, बघून घ्या.

नस उघडली नाही, तर घर सुतकात गेल्यासारखं बसतं. तसं करू नका. पहिल्या प्रयत्नात वाट थोडी मोकळी करून मुद्दाम थांबतात आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा जातात, हीसुद्धा एक मान्य पद्धत आहे. डॉक्टरांना विचारा: वाट मोकळी झाली का, पुढचा प्रयत्न करण्यासारखा आहे का, की आता बायपास किंवा गोळ्या?

सहा आठवड्यांनी तीच वही पुन्हा उघडा, तोच जिना, तीच फेरी. आणि या काळात कधीतरी बायकोला किंवा मुलाला पाठ बघायला सांगा. लांबलेल्या सीटीओनंतर पाठीवर, बहुतेक वेळा खांद्याच्या पात्याखाली, चौकोनी लाल चट्टा दोन ते आठ आठवड्यांनीही उमटू शकतो. तो रेडिएशनचा असतो. खरूज समजून मलम लावत बसू नका, खरवडू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि अँजिओप्लास्टी कोणत्या तारखेला झाली, किती वेळ चालली, ते त्यांना सांगा.